नियोजित सिझेरियन प्रसूती : पूर्वतयारी आणि बाळंतपण यांचा इतिहास

प्रस्तावना

मराठीत 'बाळंतपण' हा शब्द केवळ मूल जन्मण्याच्या घटकेला लावला जात नाही. प्रसूतीपूर्वीची तयारी, प्रत्यक्ष प्रसूती आणि त्यानंतरचा सव्वा महिना असा सगळा काळ त्यात येतो. त्यातही 'बाळंतपण करणे' या क्रियेचा कर्ता प्रसूत होणारी स्त्री नसते. तिची आई, सासू किंवा थोरली जाऊ तिचे बाळंतपण करते. या शब्दप्रयोगात एक सामाजिक जाण दडलेली आहे. मूल जन्माला घालणे हे एका स्त्रीचे काम असले, तरी तिला त्यातून उठवून उभे करणे हे इतरांचे काम आहे, अशी ती जाण होय.

सिझेरियन शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र अशा रीतीने क्वचितच लिहिला गेला आहे. वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत ती बहुधा शल्यविशारदांच्या पराक्रमाची कथा असते. अमुक साली अमुकाने पोटावर छेद घेतला, आई व मूल वाचले, येथे ती संपते. वस्तुतः पोट व गर्भाशय उघडून मूल बाहेर काढणे ही या शस्त्रक्रियेतील सर्वांत जुनी आणि तुलनेने सोपी गोष्ट आहे. शतकानुशतके न सुटलेला प्रश्न स्त्री त्यानंतर जगेल कशी, हा होता. त्याचे उत्तर छेदापूर्वीच्या तयारीत आणि छेदानंतरच्या शुश्रूषेत सापडले. प्रस्तुत लेखात या दोन टोकांकडून, म्हणजे पूर्वतयारी आणि बाळंतपण यांच्या बाजूने, नियोजित सिझेरियन प्रसूतीच्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मृत मातेपासून जिवंत मातेपर्यंत

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख मृत मातेसंबंधीचे आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचा विचार करताना, प्रसूतिकाळी माता मरण पावली आणि तिच्या कुशीत स्पंदन जाणवत असेल तर वैद्याने तत्काळ उदर विदारून गर्भ बाहेर काढावा, असे सांगितले आहे. रोमन कायद्यातही गर्भवती स्त्री मरण पावल्यास गर्भ काढल्याशिवाय तिला पुरू नये, असा दंडक होता. ज्यूलियस सीझर याच पद्धतीने जन्मला, ही समजूत मात्र टिकण्यासारखी नाही. त्याची आई ऑरेलिया त्याच्या जन्मानंतर अनेक वर्षे हयात होती आणि त्या काळी अशा छेदानंतर स्त्री जगणे जवळजवळ अशक्य होते.

सुश्रुताचा आणखी एक संदर्भ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. शारीरस्थानात सूतिकेचा आहारविहार सांगताना ती दीड महिन्यानंतर 'सूतिका' या संज्ञेतून मुक्त होते, असे म्हटले आहे. आजचे प्रसूतिशास्त्रही गर्भाशय पूर्वस्थितीला येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात असेच सांगते. छेदाचा उल्लेख मृत मातेसाठी आणि दीड महिन्याची शुश्रूषा जिवंत मातेसाठी, अशी त्या काळची वाटणी होती. या दोन गोष्टी एकाच स्त्रीच्या वाट्याला येण्यास पुढे सुमारे दीड हजार वर्षे जावी लागली.

जिवंत स्त्रीवर ही शस्त्रक्रिया करावी, असे प्रतिपादन फ्रान्सच्या फ्रांस्वा रूसे याने १५८१ साली केले. त्याचा समकालीन नामांकित शल्यविशारद आंब्रवाझ पारे याचा त्यास विरोध होता, आणि त्या काळच्या अनुभवाकडे पाहता पारेचीच बाजू सयुक्तिक होती. १६१० साली जर्मनीतील विटेनबर्ग येथे येरेमियास ट्राउटमान याने केलेली शस्त्रक्रिया चांगली नोंदली गेली आहे. तीत मूल वाचले, पण आई पंचवीस दिवसांनी गेली. पंचवीस दिवस हा आकडा बोलका आहे. छेद तिने सोसला होता. त्यानंतरच्या दिवसांनी तिला गाठले.

उशिराचे मरण

एकोणिसाव्या शतकापर्यंत सिझेरियन हा शेवटचा उपाय होता. स्त्री दोन-दोन, तीन-तीन दिवस अडलेली असे. पाणमोट केव्हाच फुटलेली असे. सुईण, मग वैद्य, मग दुसरा वैद्य अशा अनेकांनी न धुतलेल्या हातांनी तपासणी केलेली असे. चिमटे लावून पाहिलेले असत. सर्व थकले की मग सुरी बाहेर निघे. पॅरिस शहरात १७८७ ते १८७६ या काळात सिझेरियननंतर एकही स्त्री वाचली नाही, असे तेथील प्रसूतितज्ज्ञ सांगत. अशा परिस्थितीत मृत्यूचा दोष सुरीवर जाणे स्वाभाविक होते.

तो दोष सुरीचा नाही, हे आकडेवारीने दाखवून देण्याचे श्रेय फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हॅरिस या वैद्याला द्यावे लागेल. हॅरिसने अमेरिकेतील सिझेरियनच्या नोंदी चिकाटीने गोळा केल्या. त्याला दिसून आले की कळा सुरू झाल्यावर लवकर, स्त्रीची ताकद शिल्लक असताना ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यात जगण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. पुढे १८८७ साली त्याने एक विलक्षण तुलना मांडली. बैलाच्या किंवा गाईच्या शिंगाने पोट व गर्भाशय फाटलेल्या गर्भवती स्त्रियांच्या नोंदी त्याने जमा केल्या. या दुर्दैवी स्त्रियांपैकी वाचलेल्यांचे प्रमाण मोठ्या शहरातील निष्णात शल्यविशारदांच्या हाती आलेल्या स्त्रियांहून अधिक निघाले. जनावराच्या शिंगाला शल्यकौशल्य असण्याचे कारण नव्हते. फरक एवढाच होता की शिंग लागले तेव्हा ती स्त्री धडधाकट होती. ती तीन दिवस अडून थकलेली नव्हती आणि तिच्या शरीरात कोणी जंतू नेऊन सोडले नव्हते.

नियोजित सिझेरियनची संपूर्ण तात्त्विक भूमिका या एका तुलनेत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वेळ आधी ठरविणे हा येथे सोयीचा भाग राहत नाही, तो उपचाराचाच भाग बनतो. जाता जाता नोंदवावेसे वाटते की हॅरिस या नोंदी जमवीत होता त्याच फिलाडेल्फियात १८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरील आपला प्रबंध सादर केला. एकाच शहरात एकीकडे सूतिकेच्या प्राचीन परिचर्येचा अभ्यास होत होता, तर दुसरीकडे तिच्या मृत्यूंची मोजदाद चालली होती.

युरोपीय वैद्यकाबाहेरही ही जाण होती, याचा पुरावा रॉबर्ट फेल्किन याने दिला आहे. १८७९ साली आजच्या युगांडातील बुन्योरो प्रदेशात त्याने एका स्थानिक वैद्याला सिझेरियन करताना पाहिले. स्त्रीला केळ्यांची दारू पाजून गुंगी आणली होती. त्याच दारूने वैद्याने आपले हात आणि तिचे पोट धुतले. रक्तस्राव थांबविण्यासाठी तापविलेले लोखंड वापरले, पोटाचा छेद लोखंडी सुयांनी जोडला आणि त्यावर मुळ्यांचा लेप दिला. अकराव्या दिवशी जखम भरून आली होती. हात धुणे, भूल, रक्तस्रावावर नियंत्रण, जखम जोडणे आणि नंतरची मलमपट्टी हे सर्व टप्पे त्यात क्रमाने आले आहेत. ही पद्धत एका दिवसात सुचलेली नव्हती, हे उघड आहे.

टाका आणि व्रण

त्या काळी गर्भाशयाला टाके घालण्याची रीत नव्हती. गर्भाशय आपोआप आकुंचन पावेल, टाके मात्र नंतर काढता येणार नाहीत, असा समज होता. परिणामी स्त्री रक्तस्रावाने किंवा पोटात स्राव पसरून झालेल्या जंतुसंसर्गाने मरत असे. १८७६ साली इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोर्रो याने यावर कठोर तोड काढली. मूल बाहेर काढल्यावर त्याने गर्भाशयच कापून काढले. स्त्री वाचली, पण पुन्हा आई होण्याची शक्यता कायमची संपली. १८८२ साली लाइपझिगच्या माक्स झेंगर याने चांदीची तार व रेशीम वापरून गर्भाशयाला काळजीपूर्वक टाके घालण्याची पद्धत मांडली आणि पोर्रोच्या उपायाची गरज कमी झाली. लिस्टरच्या जंतुनाशक तंत्राचा प्रसार याच सुमारास होत होता. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर चित्र पालटू लागले.

१८८८ साली ग्लासगो येथे मर्डॉक कॅमरन याने मुडदुसाने श्रोणी आकसलेल्या एका ठेंगण्या स्त्रीवर केलेली शस्त्रक्रिया या बदलाची खूण मानली जाते. ग्लासगो हे धुराने झाकोळलेले औद्योगिक शहर होते. अरुंद गल्ल्या, अपुरे ऊन आणि निकृष्ट आहार यांमुळे तेथील गरीब मुलींत मुडदुसाचे प्रमाण मोठे होते. त्या मुली मोठ्या होऊन गर्भवती झाल्या की त्यांच्या आकसलेल्या श्रोणीतून मूल बाहेर येत नसे. हाच प्रकार भारतात निराळ्या कारणाने आढळत होता. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा पद्धतीच्या परिणामांवर पुस्तक लिहिले. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांची हाडे उन्हाअभावी मऊ होऊन श्रोणी विकृत होते, तर होड्यांवर राबणाऱ्या गरीब स्त्रिया सुलभपणे प्रसूत होतात, हे त्यांचे निरीक्षण होते. म्हणजे ज्या स्त्रियांसाठी सिझेरियन आधी ठरविणे आवश्यक होते, त्यांच्या अडचणीचे मूळ अनेकदा बालपणातील ऊन आणि अन्न यांत होते. पूर्वतयारी किती आधीपासून सुरू होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मात्र शस्त्रक्रिया आधी ठरवायची तर स्त्रीला आधी पाहिले पाहिजे. आज अगदी साधी वाटणारी ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी नवी होती. एडिंबरोच्या जॉन बॅलंटाइन याने गर्भिणींसाठी स्वतंत्र रुग्णालयीन व्यवस्थेची मागणी केली आणि १९०१ साली तेथील प्रसूतिगृहात त्यासाठी एक खाट राखून ठेवण्यात आली. गर्भिणी तपासणीच्या संस्थात्मक इतिहासाची सुरुवात अशी एका खाटेपासून झाली.

छेदाची जागा बदलणे हा त्यानंतरचा टप्पा होय. जुना छेद गर्भाशयाच्या वरच्या जाड भागावर उभा घेतला जाई. त्याचा व्रण पुढील गरोदरपणात फाटण्याची भीती असे. १९१६ साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन याने एकदा सिझेरियन झाले की पुढे नेहमीच सिझेरियन करावे लागते, या अर्थाचे विधान केले. त्याचा हेतू वस्तुतः पहिली शस्त्रक्रिया टाळावी, असा इशारा देण्याचा होता. पुढे मात्र ते नियमासारखे उद्धृत होत राहिले. १९२०च्या दशकात ग्लासगोच्याच मन्रो कर याने गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. या भागात रक्तस्राव कमी होतो, तो उदरावरणाने झाकता येतो आणि व्रण अधिक भक्कम राहतो. आज बहुतांश शस्त्रक्रिया याच पद्धतीने होतात. क्रेगिनच्या विधानामागची स्थिती बदलली, तरी विधान मात्र टिकून राहिले.

उपाशी पोटाचा नियम

नियोजित शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री 'आता काही खाऊ नका' असे सांगितले जाते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना ते निर्दयपणाचे वाटते. कळा देणाऱ्या स्त्रीला ताकद यावी म्हणून काही गरम खायला-प्यायला द्यावे, ही आपली जुनी रीत आहे. तशी ती पाश्चात्त्य देशांतही होती. १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन याने १९३२ ते १९४५ या काळातील ४४,०१६ गर्भवती स्त्रियांच्या नोंदी तपासून अहवाल दिला. त्यांपैकी ६६ स्त्रियांच्या फुप्फुसांत भूल दिली असताना पोटातील अन्न किंवा आम्ल गेले होते. दोघींचा घन अन्नाने श्वास कोंडून मृत्यू झाला होता. जठरातील आम्लच फुप्फुसाची हानी करते, हे त्याने सशांवरील प्रयोगांतून सिद्ध केले.

उपाशीपोटी राहणे, शस्त्रक्रियेपूर्वी आम्लनाशक औषध देणे आणि शक्यतो पूर्ण बेशुद्धी टाळणे या आजच्या तीनही नियमांचे मूळ येथे आहे. पाठीतील इंजेक्शनने भूल देण्याची पद्धत आउगुस्ट बीअर याने १८९८ सालीच वापरली होती. गर्भवती स्त्रियांत मात्र तिने रक्तदाब धोकादायक रीतीने घसरे, त्यामुळे ती पुष्कळ काळ संशयाने पाहिली गेली. उताण्या झोपलेल्या गर्भवतीच्या मोठ्या शिरेवर गर्भाशयाचा भार पडतो, हे १९५०च्या दशकात स्पष्ट झाले. तेव्हापासून तिला किंचित डाव्या कुशीवर कलते ठेवू लागले. सलाईन, रक्तदाब सावरणारी औषधे आणि बारीक सुया आल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस हीच पद्धत सर्वमान्य झाली. या इंजेक्शनने जन्मभराची कंबरदुखी लागते, हा आपल्याकडे घट्ट रुजलेला समज संशोधनात टिकलेला नाही. बाळंतिणीची कंबर दुखते हे खरे, पण नैसर्गिकरीत्या प्रसूत झालेल्यांचीही दुखते.

उपवासाचा नियम पुढे नको तितका ताणला गेला, हेही नमूद केले पाहिजे. सकाळी अकराच्या शस्त्रक्रियेसाठी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही न देणे आज शास्त्रसंमत मानले जात नाही. घन आहार सहा तास आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधी थांबवावेत, असे सध्याचे मार्गदर्शन आहे. सरसकट केस काढण्याची आणि एनिमा देण्याची जुनी प्रथाही तशीच मागे पडत चालली आहे. याउलट प्रतिजैविकाची मात्रा पूर्वी नाळ बांधल्यावर देत, ती आता छेदापूर्वी देतात. जखमेतील जंतुसंसर्ग त्यामुळे कमी होतो. तयारीचे नियमही काळाप्रमाणे बदलतात, आणि त्यांतील काही नियम केवळ सवयीने टिकून असतात.

उठण्याचा प्रश्न

सिझेरियननंतर साधारण पहिल्याच दिवशी परिचारिका बाळंतिणीला आधार देऊन उठवतात. घरच्या बायका यावर नाराज होतात. 'ओली बाळंतीण, पोटाला टाके, आणि हिला चालायला लावतात' ही तक्रार प्रसूतिगृहात नित्य ऐकू येते. हा प्रसंग परंपरा आणि विज्ञान यांच्यातील झगडा म्हणून रंगविण्याची पद्धत आहे. इतिहास मात्र तसे सांगत नाही. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत डॉक्टरांचाही सल्ला आजीबाईंसारखाच होता. पाश्चात्त्य प्रसूतिगृहांत साध्या प्रसूतीनंतर दहा ते चौदा दिवस आणि सिझेरियननंतर त्याहूनही अधिक काळ अंथरुणावर पडून राहणे हा दंडक होता. बाज आणि खाट यांत त्या वेळी मतभेद नव्हता.

शिकागोच्या एमिल रीस याने १८९९ सालीच शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठवावे, असे सुचविले होते. त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा व परिचारिका अपुऱ्या पडल्या, रुग्णांना नाइलाजाने लवकर उठवावे लागले, आणि ते अधिक लवकर बरे होतात असे दिसून आले. १९४६ साली डॅनियल लाइटहाउसर याचे या विषयावरील पुस्तक निघाले. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या रिचर्ड ॲशर याने अंथरुणावर पडून राहण्याचे धोके एका खुसखुशीत लेखात मांडले. गरोदरपणी स्त्रीचे रक्त अधिक लवकर गोठते. प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या रक्तस्रावापासूनचे हे नैसर्गिक संरक्षण होय. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर निश्चल पडून राहिल्यास हेच संरक्षण घातक ठरते. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून तिला चालायला लावतात.

तेव्हा आजीबाई मागे राहिल्या असे म्हणण्यापेक्षा वैद्यकाने आपले मत बदलले आणि ते बदलण्याचे कारण घरापर्यंत पोहोचविले नाही, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

बाळंतिणीच्या खोलीतील इतर आचारांकडेही याच दृष्टीने पाहता येते. बाजेखालची शेगडी, ओवा-शेपांची धुरी, पोटाला घट्ट बांधलेला पट्टा, पाण्यावर निर्बंध, डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर हा सगळा आचार नैसर्गिक प्रसूतीला अनुसरून घडला होता. त्यात पोटावरील जखमेची कल्पना नव्हती. अळीव, बाजरी, पालेभाज्या, तूप यांना सिझेरियननंतरही हरकत असण्याचे कारण नाही. रक्त गेलेल्या स्त्रीला लोहयुक्त व भरपूर आहार हवाच असतो. बंद खोलीतील धूर मात्र आईला खोकला आणतो, आणि खोकल्याचा प्रत्येक ठसका टाक्यांवर बसतो. तान्ह्या बाळालाही तो अपायकारक आहे. कमी पाणी पाजण्याने दूध, लघवी आणि शौच या तिन्ही बाबतींत त्रास वाढतो. टाक्यांजवळ घाम व ओल साचेल असा पट्टा आवळणे जखमेच्या दृष्टीने बरे नव्हे. चिकाचे दूध टाकून देण्याची काही घरांतील जुनी चाल तर सिझेरियननंतर दुप्पट महाग पडते, कारण अशा मातांना दूध उतरण्यास आधीच थोडा विलंब होऊ शकतो. एकूण आचारापैकी विश्रांती, आहार आणि दुसऱ्याने घरकाम उचलणे हा गाभा नव्या परिस्थितीतही जसाच्या तसा लागू पडतो. दुर्दैवाने विभक्त कुटुंबात सर्वांत आधी हा गाभाच गळतो, आणि धुरी तेवढी शिल्लक राहते.

रुग्णालयांनाही आपले आचार तपासून पाहावे लागले. वात सरेपर्यंत बाळंतिणीला काही खाऊ द्यायचे नाही, हा नियम अनेक दशके कसोशीने पाळला गेला. २०१८-१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये शस्त्रक्रियेनंतर दोन तासांच्या आत नेहमीचा आहार सुरू करण्यास, लघवीची नळी लवकर काढण्यास आणि वेदना वाढण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने वेदनाशामक देण्यास सांगितले आहे. वेदना सोसणे हा बाळंतिणीचा धर्म आहे, ही समजूत घरी होती तशी वॉर्डातही होती, हे यावरून लक्षात येते.

मुंबई : दवाखान्याचे दार आणि रजेचा कायदा

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर स्त्रियांसाठी संस्थात्मक प्रसूतीचे दार मुंबईत उघडले. १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. एडिथ पीची यांनी त्याची धुरा सांभाळली. पुढे डॉ. रखमाबाईंनी तेथे काही काळ काम केले. १९२८ ते १९४७ या काळात डॉ. जेरुशा झिराड यांनी या रुग्णालयाची सूत्रे सांभाळली. मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांचा त्यांनी केलेला तपास १९४१ साली अहवालरूपाने प्रसिद्ध झाला. स्त्री अडल्याशिवाय दवाखान्यात न्यायचे नाही, अशी वृत्ती असताना नियोजन हा शब्दच निरर्थक होता. हॅरिसने अमेरिकेत मोजलेला उशीर येथेही होताच.

तयारीचे दार अशा रीतीने हळूहळू उघडत असताना बाळंतपणाच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे विश्रांतीचा, प्रश्न गिरण्यांतून पुढे आला. मजुरी बुडते म्हणून गिरणीतील स्त्री अखेरच्या दिवसापर्यंत काम करी आणि लवकरात लवकर परत येई. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला. स्त्रीला या काळात मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने तिचा भार शासनानेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ साली केंद्रीय कायदा आला आणि २०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा २६ आठवडे झाली. सिझेरियनच्या इतिहासात या कायद्यांना सहसा स्थान दिले जात नाही. ते द्यावयास हवे. प्रतिजैविकाने जखम भरते, पण जड भार उचलू नका हा डॉक्टरांचा सल्ला ज्या स्त्रीला मजुरी बुडवून पाळावा लागतो, तिच्या बाबतीत तो कागदावरच राहतो. असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रियांपर्यंत ही रजा पोहोचत नाही, हे वास्तव आहे.

वाढते आकडे, ठरलेल्या तारखा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते १७.२ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. या शेवटच्या सर्वेक्षणात खाजगी रुग्णालयांतील प्रमाण ४७.४ टक्के, तर शासकीय रुग्णालयांतील १४.३ टक्के आढळले. महाराष्ट्रात ते एकूण २५.४ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले की लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता व नवजात मृत्यू कमी होत असल्याचे दिसत नाही. या आकड्यांवरून खाजगी डॉक्टरांवर सरसकट आरोप करण्याची प्रथा आहे. ती प्रस्तुत लेखकास पुरेशी वाटत नाही. त्याच आकड्यांत शासकीय दवाखान्यात गरज असूनही वेळेवर शस्त्रक्रिया न मिळालेल्या स्त्रियाही असू शकतात. अति आणि अपुरे या दोन्ही गोष्टी एकाच सरासरीत लपतात.

तारीख ठरविण्याच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पंचांग पाहून, मुहूर्त काढून सिझेरियनची वेळ मागणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत. हॅरिसच्या काळी वेळ ठरविण्यामागे स्त्रीचा जीव वाचविण्याचा हेतू होता. येथे तीच सोय ग्रहांच्या सेवेला लागते. २००९ साली अमेरिकेतील ॲलन टीटा व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी नियोजित सिझेरियनने जन्मलेल्या बालकांत श्वसनाचे व इतर विकार अधिक आढळले. कळा येण्याच्या प्रक्रियेत बाळाच्या फुप्फुसातील द्रव शोषला जाऊ लागतो. कळांविना जन्मलेल्या बाळाला ही संधी कमी मिळते, म्हणून त्याच्या बाबतीत एकेका आठवड्याला महत्त्व येते. शुभ मुहूर्त ३७व्या आठवड्यात निघाला म्हणून मूल लवकर बाहेर काढणे त्या मुलाच्या हिताचे नाही.

आधी ठरविण्याचा खरा लाभ वेगळ्याच गोष्टींत आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. शस्त्रक्रिया होणार हे काही आठवडे आधी ठाऊक असेल तर लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन रक्त वाढविण्यास अवधी मिळतो, रक्तगट पाहून रक्ताची सोय करून ठेवता येते, घरात पुढील सहा आठवडे कोण असेल हे ठरविता येते. यांपैकी शेवटची बाब कोणत्याही संमतिपत्रावर नसते.

शासनाने १ जून २०११ रोजी सुरू केलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय संस्थांतील सिझेरियन निःशुल्क करण्यात आले. सामान्य प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत बाळंतिणीला मोफत आहार देण्याची तरतूद त्यात आहे. औषधे, रक्त आणि वाहन यांच्या बरोबरीने जेवण हाही उपचाराचा भाग मानला जाणे ही लहान गोष्ट नव्हे. सातव्या दिवशी टाके निघून ती घरी गेली की आठव्या दिवसापासूनचा हिशेब पुन्हा कुटुंबाकडे येतो.

तिच्यासोबत घरी जाणाऱ्या एका कागदाचा उल्लेख येथे करायला हवा. शस्त्रक्रिया का करावी लागली आणि गर्भाशयावरील छेद कोठे व कसा होता, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते, निदान लिहिलेले असावे. पुढील खेपेस नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायचा की पुन्हा शस्त्रक्रिया ठरवायची, याचा निर्णय पुष्कळ अंशी या दोन ओळींवर अवलंबून असतो. पोटावरचा व्रण पाहून आतील छेदाची दिशा कळत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने हे कार्ड बहुधा माहेरच्या कपाटात राहते. दुसऱ्या वेळी सासरच्या गावातील डॉक्टर विचारतात तेव्हा ती स्त्री 'पहिलं सिझर झालं होतं' एवढेच सांगू शकते.